विश्लेषण : कार्यालयातले इंटरनेट नेमके ‘खाते’ कोण?

‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.’ सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरपासून लोणारपर्यंत, बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांत कोणत्याही खिडकीवर हे वाक्य नवे नाही. फेरफार नोंद, दस्त नोंदणी, रेशनचे ई-पॉस यंत्र, शिक्षकांचे शालार्थ वेतन, पीक पाहणी, उत्पन्नाचा दाखला असे सगळे आता एका तारेवर टांगलेले आहे. तार संथ झाली की खिडकीबाहेर उभ्या माणसाचा दिवस जातो, एसटीचे भाडे जाते, मजुरीही बुडते. मग रांगेतला कोणी तरी ठरलेली शंका बोलून दाखवतो : ‘आत बसून रील पाहत असतील.’

ही शंका कधी खरी असते, कधी साफ चुकीची. कार्यालयातले इंटरनेट कोण वापरते, त्यावर कोणाचे नियंत्रण असावे आणि ते नियंत्रण कुठपर्यंत जावे, याबाबत शासनाचे आदेश आहेत, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, नवा विदा संरक्षण कायदाही आहे. तरीही जिल्ह्यातल्या बहुतेक छोट्या कार्यालयांत या विषयाचा ‘कारभार’ म्हणजे भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड, एवढाच असतो.

हा प्रश्न आताच का?

राज्य सरकारने २०२५ मध्ये आधी १०० दिवसांचा आणि नंतर १५० दिवसांचा कार्यक्रम राबवला. त्यात ई-ऑफिस आणि ऑनलाइन सेवांवर भर होता. पूर्वी नस्ती शिपायाच्या हातून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची. वीज गेली, फोन बंद पडला, तरी कागद चालत राहायचा. आता नस्तीच इंटरनेटवर चालते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी लाइन बंद पडणे ही गैरसोय होती, आज ते कामकाज बंद पडणे आहे.

दुसरे कारण कर्मचाऱ्यांच्या हातातला मोबाइल. कार्यालयाचे वायफाय प्रत्येकाच्या फोनला जोडलेले असते. म्हणजे १५ जणांच्या कार्यालयात १५ संगणक असतील असे गृहीत धरून घेतलेल्या लाइनवर प्रत्यक्षात ३०-३५ उपकरणे लटकलेली असतात. त्यात अभ्यागतांचे फोन वेगळेच.

लाइन किती मोठी, गरज किती?

केंद्राने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्याची, म्हणजे ‘स्वान’ची योजना मंजूर केली, तेव्हा तालुका पातळीपर्यंत किमान २ एमबीपीएस एवढ्या क्षमतेचे उद्दिष्ट होते. त्या काळी ते भरपूर वाटले, कारण काम मजकुराचे होते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ नाव मिळाले. तिचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएसचे. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ म्हणून राज्याच्या महाआयटी कंपनीकडे आले. कागदावरची क्षमता आणि टेबलावर पोहोचणारा वेग यांतले अंतर मात्र ज्याने ग्रामपंचायतीत बसून काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही. कुठे रस्त्याच्या कामात केबल तुटलेली, कुठे यंत्र कपाटात बंद, कुठे वीजच नाही.

आता गरज पाहू. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ पाहायला साधारण ५ एमबीपीएस लागतात. फोनवरची छोटी चित्रफीत याहून कमीत भागते. ३ एमबीपीएस धरू. दहा फोनवर दहा चित्रफिती एकाच वेळी चालल्या की ३० एमबीपीएस गेले. लाइन १०० ची असेल तर कोणाला पत्ताही लागणार नाही. लाइन १० ची असेल तर सगळ्यांचेच चाक फिरत राहील, सातबारा काढणाऱ्याचेही. याउलट दाखल्याची पीडीएफ, फेरफाराचा अर्ज, वेतनाची देयके ही व्हिडिओच्या तुलनेत चिमूटभर असतात. सरकारी कामाला मुळात फार मोठी लाइन लागत नाही. तिला लागते ती अखंड आणि तत्पर लाइन. हा फरक लक्षात न आल्यामुळे अनेक कार्यालये आणि दुकानदारही दरवर्षी महागडा प्लॅन घेतात आणि तक्रार मात्र तशीच राहते.

मग लाइन तुंबते कशाने?

रील हा सगळ्यांना दिसणारा आरोपी. न दिसणारे आरोपी जास्त खादाड असतात. पहिला, संगणकाचे अपडेट. विंडोजचे मासिक अपडेट बऱ्याचदा काही शे एमबींचे असते. एका संगणकामागे ८०० एमबी धरले तर दहा संगणकांचे ८ जीबी झाले. १० एमबीपीएसच्या लाइनवर दुसरे काहीही न करता हे उतरवायला सुमारे पावणेदोन तास लागतात. आणि हे अपडेट सकाळी संगणक चालू केल्यावर, म्हणजे खिडकीवर सर्वाधिक गर्दी असते तेव्हाच सुरू होते. त्या वेळेत एकाही कर्मचाऱ्याने फोनला हात लावलेला नसतो, तरी रांग थांबलेली असते. विंडोज १० आणि ११ मध्ये एक सोय आहे : एका संगणकाने उतरवलेले अपडेट बाकीच्यांनी त्याच्याकडून, कार्यालयातल्या अंतर्गत जाळ्यातूनच घ्यायचे. सेटिंगमधला एक पर्याय तपासायचा असतो, इतकेच. तो कोणी तपासत नाही, कारण ते कोणाचेच काम म्हणून ठरलेले नाही.

दुसरा आरोपी सीसीटीव्ही. चित्रण कार्यालयातल्याच रेकॉर्डरवर साठत असेल तर इंटरनेटवर काही भार नाही. पण ‘साहेबांना घरून मोबाइलवर दिसले पाहिजे’ म्हणून किंवा क्लाउडवर साठवण्यासाठी चार कॅमेरे सतत बाहेर चित्र पाठवू लागले आणि प्रत्येकाने २ एमबीपीएस घेतले, तर ८ एमबीपीएस दिवसरात्र गेले. तेही अपलोडचे. मोबाइल डोंगल किंवा रेडिओ लाइनवर अपलोडची वाट आधीच अरुंद असते.

तिसरा, फोनमधल्या फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप. बहुतेक फोन वायफाय मिळाल्याबरोबर फोटो वर चढवायला लागतात. लग्नसराईतला सोमवार आठवा. रविवारच्या लग्नातले ३०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे १.२ जीबी. ५ एमबीपीएस अपलोड असलेल्या लाइनवर एकट्या एका फोनचे हे काम अर्धा तास चालते. फोन खिशात, मालक कामात, दोष कोणाचा म्हणायचा?

अपलोड तुंबले की डाउनलोडही का मंदावते, हा अनेकांना पडणारा प्रश्न. कारण सोपे आहे. आलेल्या प्रत्येक माहितीची ‘मिळाली’ अशी छोटी पोच परत पाठवावी लागते. पोचेची वाटच भरलेली असेल तर समोरचा सर्व्हर पुढची माहिती पाठवायला थांबतो. शिवाय स्वस्त राउटर जास्तीची माहिती टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत उभी करतो. फोटोंच्या मागे सातबाराचा एवढासा अर्ज उभा राहतो.

शेगावला दर्शनाला गेलेल्याला यावरचा उपाय लगेच कळेल. समाधी दर्शनाची रांग वेगळी, श्रीमुख दर्शनाची वेगळी. ज्याचे काम थोडक्यात आटोपणारे आहे त्याला तासन्‌तास मोठ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. राउटरमध्येही अशाच रांगा लावता येतात. शासकीय पोर्टल, बँकिंग, व्हिडिओ बैठक यांना आधी वाट, बाकीच्यांना नंतर. कोणाचे काही बंद करायचे नाही, फक्त क्रम ठरवायचा. अनेक राउटरमध्ये ही सोय आधीपासून असते. ती चालू केलेली नसते.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके कुठे?

लाइन तीन ठिकाणी अडते. एक, कार्यालयाच्या आत : राउटर, वायफाय, अपडेट, फोन. दोन, वाटेत : तुटलेली केबल, टॉवरवरची गर्दी. तीन, पलीकडे : मुंबई-पुण्यातला किंवा दिल्लीतला मूळ सर्व्हर. पीक पाहणीची मुदत संपत आली की राज्यभरातून एकदम लोक तुटून पडतात आणि अ‍ॅप अडते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळी ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपची हीच गत झाली आणि अंगणवाडी सेविका रात्री उशिरा जागून अर्ज भरत बसल्या. अशा वेळी बुलढाण्यातल्या कार्यालयाने सगळ्यांचे फोन काढून घेतले तरी पलीकडचा सर्व्हर तसूभरही वेगाने चालणार नाही.

फरक ओळखणे अवघड नाही. बाकीची संकेतस्थळे झटकन उघडत असतील आणि एकच पोर्टल फिरत असेल, तर दोष पलीकडचा. सगळेच संथ असेल, पण राउटरला थेट केबल लावलेल्या एका संगणकावर वेग ठीक असेल, तर दोष वायफायचा. केबलवरही संथ, पण बाकी सगळी उपकरणे काढल्यावर सुरळीत, तर दोष आतल्या गर्दीचा. आणि सगळे काढूनही संथ असेल तर दोष लाइनचा; मग लाइन देणाऱ्या कंपनीकडे तक्रार क्रमांक घेऊन नोंद करायची. पाच मिनिटांची ही तपासणी न करता ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मोकळे होणे सगळ्यांनाच सोयीचे पडते. कर्मचाऱ्याला, अधिकाऱ्यालाही. गैरसोय फक्त रांगेतल्याची.

शासनाचे नियम काय सांगतात?

सामान्य प्रशासन विभागाने २३ जुलै २०२१ रोजी कार्यालयीन वेळेत भ्रमणध्वनी कसा वापरावा याचा आदेश काढला. शक्यतो दूरध्वनी वापरा, मोबाइल कामापुरता वापरा, आवाज हळू ठेवा, खासगी बोलणे बाहेर जाऊन करा, बैठकीत फोन शांत ठेवा, समाजमाध्यमांवर वेळेचे आणि भाषेचे तारतम्य बाळगा, अशा त्याच्या सूचना. आदेश शिष्टाचाराचा होता. लाइन, वायफाय, बँडविड्थ यांचा त्यात विचार नव्हता.

त्यानंतर २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय आला. तो समाजमाध्यमांवरच्या वर्तनाचा. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, बंदी असलेली संकेतस्थळे व अ‍ॅप वापरायची नाहीत, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकायचे नाहीत, स्वतःच्या खात्यावर पदनाम, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत दाखवणारी रील टाकायची नाही. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरण्यास मात्र मुभा. उल्लंघन झाल्यास १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार कारवाई. टीकेवरच्या बंदीवर वाद झाला आणि तो रास्त होता. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

या दोन आदेशांतून एक विसंगती उघडी पडते. जिल्ह्यातले निम्मे शासकीय कामकाज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर चालते. बैठकीची सूचना, पंचनाम्याचे फोटो, ‘तातडीने माहिती पाठवा’चे तक्ते सगळे तिथेच येते. कार्यालयाच्या राउटरवर व्हॉट्सअ‍ॅप बंद करण्याचा विचार ज्या अधिकाऱ्याच्या मनात येईल, त्याला संध्याकाळपर्यंत वरून फोन येईल. तीच गोष्ट यूट्यूबची. प्रशिक्षणाच्या चित्रफिती आणि थेट प्रक्षेपित होणारे शासकीय कार्यक्रम तिथेच असतात. म्हणून ‘अमुक अ‍ॅप बंद’ हा उपाय दिसतो तितका सरळ नाही.

केंद्राचे ऑक्टोबर २०१४ चे माहिती तंत्रज्ञान साधनांच्या वापराचे धोरण यापेक्षा स्पष्ट आहे. कायद्याचे उल्लंघन करणारा किंवा जाळ्याला धोका असलेला मजकूर रोखता येतो. शिवाय संबंधित कार्यालयाच्या मते जो मजकूर अनुचित आहे किंवा कर्मचाऱ्यांच्या उत्पादकतेवर परिणाम करतो, तोही रोखता येतो. राज्यांना ते स्वीकारण्याची मुभा आहे. आणि रोखायचे कारण नेहमी बँडविड्थच असते असे नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या पत्रकात चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नका असे कळवले, ते गोपनीयतेच्या कारणाने. चॅटच्या दोन ओळींनी लाइन तुंबत नाही, पण नस्तीतला मजकूर बाहेर जाऊ शकतो.

या बाबतीत बुलढाण्याचा स्वतःचा धडा आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षा सुरू होण्याच्या सुमारास सिंदखेड राजा तालुक्यातून समाजमाध्यमांवर पसरली. प्रकरण विधिमंडळात गाजले, विशेष तपास पथक नेमले गेले, अटक झालेल्यांत शिक्षकही होते. एका फोटोला लागणारी बँडविड्थ नगण्य. कामाच्या जागी फोन कोणत्या खोलीत चालतो आणि कोणत्या खोलीत नाही, हा प्रश्न एमबीपीएसमध्ये मोजता येत नाही, हे त्या दिवशी अख्ख्या राज्याला कळले.

बँका आणि पतसंस्थांमध्ये वेगळे काय?

सहकार हा या जिल्ह्याचा मोठा व्यवसाय. नागरी बँका आहेत, बुलढाणा अर्बनसारखी बहुराज्य पतसंस्था इथेच उभी राहिली, गावोगावी छोट्या पतसंस्था आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. तिच्यातली एक अट या लेखाच्या विषयाच्या गाभ्याशी आहे : शाखेत इंटरनेट वापरायचेच असेल तर ते ठरावीक, स्वतंत्र संगणकावरच, आणि तो संगणक रोजच्या बँकिंग व्यवहाराच्या यंत्रणेपासून पूर्णपणे वेगळा. म्हणजे कॅशियरच्या संगणकावर ना मेल उघडायची, ना बातम्या. त्याआधी दोनच महिने, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले होते. आपल्यासारख्याच सहकारी बँकेवर असा प्रसंग येतो, हे पाहिल्यावर या नियमांकडे कोणी ‘दिल्ली-मुंबईचे लाड’ म्हणून पाहू नये.

अडचण अशी की रिझर्व्ह बँकेची ही चौकट पतसंस्थांना लागू नाही. ठेवी लोकांच्या, संगणकप्रणाली बँकेसारखीच, पण इंटरनेटचा संगणक वेगळा ठेवायचा की नाही हे संचालक मंडळाच्या समजुतीवर. ठेवीदाराने वार्षिक सभेत व्याजदराइतकाच हा प्रश्नही विचारायला हरकत नाही. एका जुन्या संगणकाची किंमत ती काय असते!

मालक कर्मचाऱ्यावर पाळत ठेवू शकतो का?

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने असोत, जिनिंग असो की शाळा-महाविद्यालयाचे कार्यालय. लाइन मालकाची, त्यामुळे तिच्यावर काय चालावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा, यात वाद नाही. वाद सुरू होतो तो कर्मचारी काय करतो हे किती खोलवर पाहायचे, यावर.

आधी तांत्रिक बाजू. आजची बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध असतात. राउटरला सहसा संकेतस्थळाचे नाव आणि किती माहिती आली-गेली एवढे कळते. आत काय वाचले, कोणाला काय लिहिले हे कळत नाही. ‘ऑफिसच्या वायफायवर माझे व्हॉट्सअ‍ॅप साहेब वाचतात’ ही भीती म्हणूनच निराधार. पण संगणक कार्यालयाचा असेल आणि त्यावर पडद्याचे छायाचित्र घेणारी किंवा टंकलेली अक्षरे नोंदवणारी प्रणाली टाकली असेल, तर सगळेच दिसते. स्वतःच्या बँकेचा पासवर्डसुद्धा. कार्यालयाच्या संगणकावर खासगी बँकिंग करू नये, हा सल्ला यासाठी.

कायद्याची बाजू थोडी धूसर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण कामाच्या जागच्या पाळतीवर भारतात स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाला नुकसान किंवा जबाबदारीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याची सवलत आहे. व्यापारी गुपिते फुटू नयेत, हेरगिरी होऊ नये ही त्यातली उदाहरणे. सवलत मोठी आहे. मात्र गोळा केलेली माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यातून सुटत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत.

युरोपात या प्रश्नावर एक निकाल वारंवार सांगितला जातो. रोमानियातल्या बार्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या मेसेंजरवर घरच्यांशी बोलल्याबद्दल काढून टाकले होते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. मालकाने लक्ष ठेवू नये असे न्यायालय म्हणाले नाही. पण लक्ष ठेवणार आहोत, किती ठेवणार आहोत, हे आधी सांगितले होते का, आणि याहून सौम्य उपाय नव्हता का, हे तपासलेच पाहिजे, असे म्हणाले. हा निकाल आपल्याला बंधनकारक नाही. तरी कोणताही शहाणा मालक नोटीस बोर्डावर चार ओळी लावून अर्धी भांडणे टाळू शकतो : या लाइनवर नोंद ठेवली जाते, ही नोंद अमुक व्यक्ती पाहते, इतके दिवस ठेवते.

नोंद ठेवणे तसेही ऐच्छिक राहिलेले नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. भिंतीवरच्या पासवर्डचा खरा धोका इथे आहे. त्या वायफायवरून कोणी तरी धमकीचा मेल पाठवला, कोणाची फसवणूक केली, तर पोलिसांना सापडणारा पत्ता कार्यालयाचा असतो. त्या दिवशी, त्या वेळी कोणाचा फोन जोडलेला होता हे सांगता आले नाही, तर उत्तर द्यायला कार्यालयप्रमुखच उभा राहतो.

मग छोट्या कार्यालयाने करायचे काय?

पहिले काम मोजण्याचे. आठवडाभर राउटरच्या पानावर कोणते उपकरण किती माहिती ओढते ते पाहावे. रील की अपडेट की कॅमेरा, हा वाद तिथेच मिटतो, आणि बहुतेक वेळा उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. मग कामाच्या संगणकांना केबल द्यावी. वायफायवर कामाचे संगणक चालवणे ही निम्म्या तक्रारींची जननी. फोन आणि अभ्यागत यांच्यासाठी वेगळे ‘पाहुणे’ वायफाय, त्यावर वेगाची मर्यादा, दर महिन्याला बदलणारा पासवर्ड. अपडेट आणि बॅकअप कार्यालय सुटल्यावर. कॅमेऱ्यांचे चित्रण जागेवरच. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. एक जाणता माणूस अर्धा दिवस बसला की झाले. पैसे खर्च करायचेच असतील तर मोठ्या प्लॅनऐवजी दुसऱ्या कंपनीची एक छोटी राखीव लाइन घ्यावी. रस्त्याच्या कामात दोन्ही केबल एकाच खड्ड्यात तुटणार नाहीत, एवढे पाहून.

बंदी घालताना दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये. बँडविड्थ वाया जाणे वेगळे आणि वेळ वाया जाणे वेगळे. राउटरवर रील बंद केले की कर्मचारी स्वतःच्या सिमवर पाहतो. लाइन मोकळी होते, माणूस होत नाही. वेळेचा प्रश्न वरिष्ठाने काम ठरवून आणि पूर्ण झाले का हे विचारून सोडवायचा असतो. तो यंत्राच्या गळ्यात बांधला की यंत्र कडक होते आणि टेबल तसेच राहते. जेवणाच्या सुट्टीत घरी व्हिडिओ कॉल करणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याचेही कारण नाही. मूल शिकायला संभाजीनगरला किंवा पुण्याला असलेले कितीतरी पालक या कार्यालयांत आहेत.

आणि कर्मचाऱ्याचे इंटरनेट कार्यालय वापरते, त्याचे काय?

चर्चेत कधी न येणारी बाजू ही. कार्यालयाची लाइन गेली की कर्मचारी खिशातून फोन काढतो, हॉटस्पॉट चालू करतो आणि शासनाचे काम स्वतःच्या रिचार्जवर पुढे नेतो. जुने लॅपटॉप आणि संथ जोडणी ही तलाठ्यांची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांची, वर्षानुवर्षांची तक्रार आहे. शिक्षक शाळेची ऑनलाइन माहिती घरच्या नेटवर भरतात.

सगळ्यात ठळक उदाहरण अंगणवाडी सेविकांचे. ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाइलची क्षमता कमी, तो तापतो, मध्येच बंद पडतो, आणि त्यातले अ‍ॅप इंग्रजीत, असे त्यांचे म्हणणे होते. मानधनावर काम करणाऱ्या बाईने स्वतःच्या किंवा मुलाच्या फोनवर शासनाची नोंद करावी, अशी अपेक्षा त्यात गृहीत होती. तिने तो डेटा वापरला तेव्हा ‘कार्यालयीन वेळेत वैयक्तिक साधन’ वापरल्याचा आक्षेप कोणी घेतला नाही.

कार्यालयाच्या वापराचा जो अहवाल राउटरमधून निघतो, त्यात हे काहीच दिसत नाही. हॉटस्पॉटवरची माहिती राउटरमधून जातच नाही. त्यामुळे लाइन बंद असलेल्या दिवसाचा अहवाल सर्वात स्वच्छ दिसतो : वापर शून्य, गैरवापर शून्य. प्रत्यक्षात त्या दिवशी दाखले निघालेले असतात, नोंदी झालेल्या असतात. ते किती निघाले आणि कोणाच्या रिचार्जवर निघाले, हे कळायचे असेल तर हजेरी पुस्तकाशेजारी आणखी एक साधी वही ठेवावी लागेल. लाइन कधी गेली, कधी आली, मधल्या वेळात कोणी कोणाच्या फोनवरून काम केले, एवढे तीन रकाने तिला पुरतील. लाइन देणाऱ्या कंपनीला दंड लावायचा असेल किंवा कर्मचाऱ्याला डेटाचे पैसे द्यायचे असतील, तर लेखा शाखा आधी तीच मागेल.